मदत हवी आहे: बेरीज २४ होतेय, उद्या मॅच

टेक्सासकर: उद्या रात्री मॅच आणि आमची बेरीज २४! एकाची लेव्हल नेमकी आत्ताच वाढवून ठेवली. काय करू? लवकर सांगा.

गोट्या: कसली बेरीज? भिशी आहे का?

टेक्सासकर: पूल हो, टेबलावर काठीने बॉल पॉकेटात घालायचा खेळ! एपीए लीग, म्हणजे अमेरिकेतली हौशी पूलची स्पर्धा. खेळाप्रमाणे प्रत्येकाला लेव्हलचा आकडा मिळतो. खेळणाऱ्या पाच जणांच्या लेव्हल मिळून २३ च्या वर चालत नाहीत.

माईची_लेक: पूलचा कुठला प्रकार, एट-बॉल की नाइन-बॉल? पाचांच्या लेव्हल लिहा. टीममध्ये आठ जणांची नावं घालता येतात, बाकीचे कुठायत?

टेक्सासकर: एट-बॉल. ७, ५, ५, ४, ३.

बंड्या_डॅलस: दोन-तीन मॅच मुद्दाम हरा, लेव्हल उतरते. सगळे करतात.

माईची_लेक: मॅच उद्या आहे, बंड्याभाऊ. आणि स्कोअरशीटवर इनिंग्ज (पाळ्या) नि डिफेन्सिव्ह शॉट (बॉल घालायचा नाही म्हणून मारलेले) मांडतात ते कशाला? मुद्दाम चुकवलेला शॉट डिफेन्सिव्ह म्हणून लिहिला की संपलं, लेव्हल उतरत नाही.

बंड्या_डॅलस: लिहील कोण? आमच्याकडे स्कोअर लिहिणाऱ्याचं निम्मं लक्ष ग्लासात असतं.

सदाशिव_पेठी: मुळात पूल कशाला? बिलियर्ड्स खेळा. १५ व्या शतकात हिरवळीवरचा खेळ युरोपात टेबलावर चढला, म्हणून कापड हिरवं. त्याच जातीचं स्नूकर तर १८७५ चं, जबलपूरचं. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलं (त्याच नावाचा ब्रिटिश पंतप्रधान वेगळा). आणि १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स जन्माने पुणेकर!

गोट्या: आलं पुणं!

चॉकवाला: क्यूची (काठीची) टिप कधी बदलली होती? निम्मे प्रॉब्लेम तिथेच असतात.

टेक्सासकर: टिपचं कोणी विचारलंय? टीममध्ये एक २ पण आहे, आमची बायको. ती हरणारच, म्हणून धरली नव्हती.

माईची_लेक: मग हे आधी नको सांगायला? ३ वाल्याला बसवा, वहिनींना घ्या, झाले २३. समोरच्यांनी ७ लेव्हलवाला काढला की वहिनींनाच पाठवा. त्याला ७ गेम जिंकावे लागतील, वहिनींना फक्त २.

टेक्सासकर: खरंच की! पण ३ वाला गाडीने सगळ्यांना घेऊन येतो. त्याला कसं सांगू?

निलगिरीवाला: सदाशिवराव, स्नूकरचे नियम उटी क्लबात लिहून लावले होते. जबलपूरला नुसता टाइमपास.

सदाशिव_पेठी: नियम नंतर. खेळ आधी जबलपूरलाच झाला. वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.