इमारतीच्या आधी रोजची वेळ ठरवा
भाऊ, म्हाताऱ्यांसाठी विरंगुळा केंद्राची इमारत पाहिजे म्हणता ते बरोबरच हाये, पण त्याच्या आधी रोजची ठरलेली वेळ लागते. आमच्या तिवसा तालुक्यात तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, त्यांची सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात अजून रोज संध्याकाळी होते. आई गेल्यावर बाबा दिवसभर खाटेवर पडून, बोलणंच बंद, मग शेजारचे काका रोज हाक मारून न्यायले लागले अन् महिन्याभरात बाबांच्या हाती खंजेरी आली! एखादा दिसला नाही का दोघंजण घरी जाऊन पाहतात, बीपीची गोळी घेतली का तेही विचारतात. फक्त चार खुर्च्या नक्की ठेवा, गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही म्हणून माझ्या मावशीनं येणंच सोडलं होतं.