मदत हवी आहे: बाबांना व्हिलेज व्हॅनगार्डला न्यायचंय

नमस्कार. पुढच्या महिन्यात बाबा न्यू जर्सीला येताहेत. आयुष्यभर सवाई गंधर्वच्या भारतीय बैठकीत मांडी घालून गाणं ऐकलेला माणूस. त्यांना न्यूयॉर्कमधलं व्हिलेज व्हॅनगार्ड दाखवायची माझी फार इच्छा आहे. १९३५ पासूनचं ते जॅझचं तळघर, छोटंसं, वादक अगदी समोर. दर सोमवारी तिथे व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा असतो, १९६६ पासूनची परंपरा! पण एवढ्याशा खोलीत १६ जणांचा ताफा बाबांच्या कानांना जड जाईल, की तिघा-चौघांच्या वादनाची रात्र बरी? गुडघे दुखतात, जिना झेपेल का? शिवाय वादनातली एखादी जागा आवडली की ते मोठ्याने "क्या बात है" म्हणतात. तिथले श्रोते अशी दाद चालवून घेतात ना? कुणी ज्येष्ठांना नेलं असेल तर कृपया सांगा. कुठे बसावं, तेही.