घराचं काम तीन टप्प्यांत, वायरिंगचं कसं करावं?

सक्करदऱ्याचा भाऊ:
आमचं घर बाबांनी १९७८ मध्ये बांधलं. वायरिंग तेव्हाचंच. लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची वायर अन् चिनीमातीचे फ्यूज. पैसा एकदम जमत नाही, म्हणून आत्ता स्वयंपाकघर-बाथरूम, दिवाळीनंतर दोन खोल्या अन् हॉल पुढच्या वर्षी, असं ठरवलं. इलेक्ट्रिशियन म्हणून राहिला की जी खोली फोडाल तिचंच वायरिंग करू, तोवर नवी वायर जुनीला जोडून देतो. मला पटत नाही. गेल्या मे महिन्यात हॉलमधल्या कूलरचा प्लग काढला तर पिनेभोवती बोर्ड काळा पडला होता, बोट लावताच चटका बसला. त्याच कूलरमध्ये माझी ७६ वर्षांची आई रोज दुपारी पाणी भरते. आधी काय करून घेऊ?

वायरमन काका:
जोडू देऊ नका. तांबं अन् ॲल्युमिनियम पिळून वर टेप गुंडाळली की तो सांधा ढिला पडतो, तापतो. अशा जळक्या टेपा मी तीस वर्षं सोडवल्या आहेत.

खोल्या खुशाल टप्प्यानं करा. पण मीटरपासूनची मेन केबल, डीबी (जिथून घरभर लाइनी वाटल्या जातात तो डबा) अन् अर्थिंग आत्ताच, पूर्ण घराचा लोड धरून करा. पुढे एसी लावायचा असेल, तर तोही आजच हिशेबात घ्या. गिझर अन् एसीला ४ चौरस मिलिमीटरच्या वायरची स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५ ची, दिवे-पंख्यांना १.५ ची. डीबीत जागा रिकाम्या ठेवा. लोड वाढवायचा तर महावितरणकडे अर्ज लागतो, म्हणून लायसनवाला ठेकेदारच बघा.

जुना भाग वेगळ्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) अन् ३० मिलीअँपिअरच्या वेगळ्या आरसीसीबीवर (करंट बाहेर गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) टाका. नव्या-जुन्याचे न्यूट्रल एकत्र झाले तर आरसीसीबी उगाच पडत राहील. मग कोणीतरी म्हणेल, बायपास करून टाकू. तेवढं करू नका, लीकेज शोधायला लावा.

अन् कूलर पुढच्या वर्षावर ढकलू नका. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. डीबीपासून हॉलच्या खिडकीपर्यंत केसिंग-पट्टीतून अर्थसकट वेगळी लाइन आत्ताच ओढा, भिंत फोडावी लागत नाही. पॉइंट तीन पिनचा, कूलरची बॉडी अर्थला जोडलेली. आईंना सांगा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही.

प्रतापनगरची ताई:
आम्हीही असंच दोन टप्प्यांत केलं, अन् इन्व्हर्टरची लाइन विसरलो. नवीन टाइल्स फोडताना जीव तुटला. पॅसेजची भिंत उघडी आहे तोवर पुढच्या खोल्यांचे पाईप त्यात टाकून घ्या, आत ओढायची तार ठेवून. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. आमच्याकडे परवा पडद्याचा रॉड लावताना तेच फोटो कामी आले.

सक्करदऱ्याचा भाऊ:
काका, ताई, मनापासून आभार. आत्ताच टेप लावून मोजलं, डीबीची जागा ते हॉलची खिडकी ११ मीटर भरलं. स्वयंपाकघराचं काम सुरू व्हायच्या आधी ही लाइन अन् अर्थिंग करून घेतो. तोवर कूलरमध्ये पाणी मीच भरेन, ऑफिसला निघायच्या आधी, प्लग काढून. आईला आजच सांगितलं.