मदत हवी आहे: पुनरुत्थानानंतर नवराबायकोचे नाते राहते का? (नाशिक, तातडीचे)

शरणपूरकर: सलाम. बायबलप्रमाणे लग्न मरणानंतर चालू राहते का, याचे उत्तर वचनासह हवे आहे. कबरेच्या शिळेवर कोरायची ओळ शनिवारी सकाळी द्यायची असून घरात दोन मते पडली आहेत. 'प्रेम अमर असते' एवढ्या उत्तराने माझे भागणार नाही.

वचनवाचक: बायबलमधील शुभवर्तमानांचे मत्तय 22, मार्क 12 आणि लूक 20 हे अध्याय वाचावे. पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचे पुन्हा जिवंत उठणे, न मानणाऱ्या सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांनी येशूला विचारले की, सात भावांनी एकामागून एक एकाच स्त्रीशी लग्न केले, तर पुनरुत्थानाच्या वेळी ती कोणाची बायको? त्याने सांगितले की, तेव्हा लोक लग्न करत नाहीत आणि करून देत नाहीत, देवदूतांसारखे असतात. मात्र शिळा कोणाची आणि ओळ कोणती, हे आपण लिहिलेले नाही.

नाशिकरोडकर: नवे लग्न लागत नाही, एवढाच त्या वचनाचा अर्थ आहे. लागलेले लग्न मोडते, असे त्यात कुठे आहे? देवाने जोडले ते माणसाने तोडू नये, हे मत्तय 19 मध्ये प्रभूनेच सांगितले आहे. माझी पत्नी जाऊन चार वर्षे झाली. दर रविवारी उपासनेनंतर मी तिच्या कबरेवर शेवंती ठेवतो, आणि ती तिथे मला परकी म्हणून भेटेल, हे मला मान्य नाही.

वचनवाचक: दादा, आपले दुःख मी जाणतो, पण सदूकींचा प्रश्न झालेल्या लग्नांबद्दलच होता, त्यामुळे उत्तर केवळ नव्या लग्नांपुरते धरले तर ते प्रश्नाला लागूच होत नाही. मत्तय 19 सूटपत्राविषयी, म्हणजे घटस्फोटाविषयी आहे. मरणाविषयी रोमकरांस पत्र 7:2 स्पष्ट आहे, की नवरा मेल्यावर स्त्री त्या बंधनातून मोकळी होते. लूक कारणही देतो: त्यांना पुन्हा मरण नाही. निपुत्रिक मेलेल्या भावाचे नाव पुसले जाऊ नये म्हणून त्याच्या विधवेशी लग्न करण्याचा नियम बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे आणि सदूकींनी त्याचाच आधार घेतला होता. जिथे मरणच नाही, तिथे तो नियम कशासाठी?

गोदाकाठ: मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे वटपौर्णिमेला सात जन्मांची सोबत मागतात. आपल्यात पुनर्जन्म मानतात का?

वचनवाचक: नाही. एकच जन्म, मग पुनरुत्थान.

तिसरीगल्ली: विधवेने पुन्हा लग्न करण्यास शास्त्राची पूर्ण मोकळीक आहे, करिंथकरांस पहिले पत्र 7:39 पाहावे. माझ्या मावशीला समाजाने उगाच अडवले होते.

शरणपूरकर: हे मी विचारलेले नाही.

त्र्यंबकनाका: आम्हा कॅथलिकांतही विवाहबंधन मरणाने संपते, म्हणूनच विधुराचे दुसरे लग्न चर्चमध्ये लावता येते. अनंतकाळासाठी लग्न बांधण्याचा विधी लॅटर-डे सेंट्स या पंथात आहे, पण त्याचा आधार बायबलबाहेरच्या त्यांच्या ग्रंथात आहे. आता कृपया आपली अडचण पूर्ण सांगावी.

शरणपूरकर: सांगतो, आधीच सांगायला हवे होते. शिळा वडिलांची आहे. त्यांचे पहिले लग्न मोठ्या आईशी झाले होते; ती 1989 मध्ये गेली आणि तीन वर्षांनी माझी आई घरात आली. वडिलांना मोठ्या आईशेजारी पुरले आहे. थोरल्या भावंडांना 'पतिपत्नी स्वर्गात पुन्हा एक झाले' ही ओळ हवी आहे. आई आमच्याशी यावर बोलत नाही. मोठ्या आईचे नाव लिहिलेले गीतांचे जुने पुस्तक ती आजही रविवारी नेते, पाने सुटू नयेत म्हणून तिने त्याला स्वतः खाकी कागदाचे वेष्टण घातले आहे. काल रात्री तेच हातात घेऊन ती एवढेच म्हणाली, "मग मी तिथे कोण?"

नाशिकरोडकर: हे वाचून मी थांबलो. माझ्या पत्नीबद्दल मला जे वाटते ते वाटतच राहील, पण ही ओळ कोरू नका. हयात माणसाला ती दर भेटीत वाचावी लागेल.

वचनवाचक: आईंना लूक 20 संपूर्ण वाचून दाखवा, अगदी 38व्या वचनापर्यंत. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव मेलेल्यांचा नसून जिवंतांचा आहे, असे येशू तिथे सांगतो. ते तिघे तिथे आपापल्या नावांनी ओळखले जातात. नाते बदलले तरी माणूस हरवत नाही, हे मी यावरूनच मानतो. 'तिथे बायको कोण' हे ठरवण्याचा भार ना तुमच्या आईवर आहे, ना थोरल्या भावंडांवर.

शरणपूरकर: आज दुपारी वाचले. आईने चष्मा काढून मोठ्या आईबद्दल विचारले, "म्हणजे ताई मला ओळखतील ना?" मी हो म्हणालो. थोरल्या बहिणीला फोनवर सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली की ती ओळ नको. आता फक्त नाव, जन्म, मरण आणि 'प्रभूमध्ये निद्रिस्त' एवढेच कोरायचे आहे. आईच्या नावासाठी खाली जागा सोडावी का?

त्र्यंबकनाका: आईंनाच विचारा, आणि त्या बहिणीसमोर विचारा.

शरणपूरकर: विचारले. दोन ओळींची जागा सोडायला सांगितली आहे.