फणसाखालच्या सावलीतील फुलझाडे

फणसाच्या दाट सावलीत, पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी बेताचे असताना, कोणती बहुवार्षिक फुलझाडे टिकतील, असे आपण विचारले आहे आणि त्यावर होस्टा (थंड प्रदेशातले, सावलीत वाढणारे शोभेचे झाड) लावण्याचा सल्ला मिळाला आहे. होस्टाला विश्रांतीसाठी काही आठवड्यांची कडक थंडी लागते. ती रत्नागिरीसारख्या किनारी भागात मिळत नाही, म्हणून तो खर्च करू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांत पडतो आणि जांभ्याची जमीन लवकर कोरडी होते, त्यामुळे उरलेला काळ जमिनीखाली झोपून काढणारी कंदवर्गीय झाडेच इथे खरी उपयोगी. भुईचाफा पाहा: उन्हाळ्यात पाने नसताना त्याची सुगंधी, जांभळट-पांढरी फुले थेट मातीतून वर येतात, पावसात पाने वाढतात आणि हिवाळ्यात ती सुकली की पाणी तोडावे, कारण त्या काळात ओल राहिली तर कंद कुजतात. रानहळदही अशीच वाढते. सोनटक्का मात्र ओलीचा भुकेला आहे. तो न्हाणीच्या सांडपाण्याजवळच लावावा.

अबोलीला विरळ सावली आणि नियमित थोडे पाणी पुरते.

फणसाची मुळे उथळ ओल शोषून घेतात, म्हणून बुंध्यापासून दूर लागवड करावी आणि गळलेला पातेरा जाळण्याऐवजी झाडांभोवती जाड पसरावा.