कार्पल टनेल सिंड्रोम नेमका किती जणांना असतो? शंभरात तीन, की शंभरात चौदा?

मोजपट्टी (धागाकर्ता)

हाताला मुंग्या आल्या की कार्पल टनेल (मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबल्याने होणारा विकार), हे समीकरण हल्ली इतके रूढ झाले आहे की 'दर सात माणसांमागे एकाला हा विकार असतो' हे वाक्य कोणी फारशी शंका न घेता पुढे पाठवतो. या वाक्याला मी आक्षेप घेतो आहे.

एक सातमांश या आकड्याला आधार म्हणून ज्या पाहणीकडे बोट दाखवता येईल, ती दक्षिण स्वीडनमध्ये झाली आणि १९९९ साली प्रसिद्ध झाली. २५ ते ७४ वयाच्या ३,००० लोकांना सरसकट निवडून प्रश्नावली पाठवण्यात आली आणि २,४६६ जणांनी ती भरून दिली. त्यांपैकी ३५४ जणांनी, म्हणजे १४.४ टक्क्यांनी, मीडियन नर्व्ह (या विकारात मनगटापाशी दबणारी नस) ज्या बोटांना जाते त्या भागात दुखणे, बधिरपणा किंवा मुंग्या असल्याचे कळवले. आकडा इथे सोडून दिला की एक सातमांश मिळतो. संशोधक मात्र इथे थांबले नव्हते. तक्रार असलेल्यांना डॉक्टरांनी तपासल्यावर निदान पक्के वाटले असे ९४ जण उरले, म्हणजे ३.८ टक्के. त्यांतही नर्व्ह कंडक्शन चाचणीने (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी) दुजोरा दिलेले ६६, म्हणजे २.७ टक्के.

तेव्हा 'सर्वसामान्य लोकसंख्येत प्रमाण किती' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर माझ्या मते शंभरात सुमारे तीन हे आहे. चौदा हा तक्रारीचा आकडा आहे आणि तक्रार म्हणजे निदान नव्हे. मानेतील मणक्यांत दबलेली नस, मधुमेहामुळे होणारी नसांची हानी, कोपरापाशी दबलेली अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी नस), यांपैकी कशानेही हाताला मुंग्या येतात.

हस्तमुद्रा

धागाकर्त्यांचे आकडे बरोबर आहेत, त्यांच्या निष्कर्षाशी मात्र मी असहमत आहे. हात आणि मनगट यांच्या उपचारांशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

या विकाराचा रुग्ण चाचणीच्या कागदावर नंतर दिसतो, त्याची गोष्ट आधी सुरू होते. मध्यरात्री किंवा पहाटे हात बधिर होऊन जाग येते, माणूस उठून बसतो आणि थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतो, तेव्हा कुठे बरे वाटते. विचारले तर तो 'सगळा हातच झोपतो' असे सांगतो, पण एकेक बोट धरून विचारले की करंगळी शाबूत असल्याचे ध्यानात येते आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग तेवढा बधिर निघतो. इतकी नेटकी हकीकत सांगणाऱ्या माणसाचीही चाचणी पुष्कळदा सामान्य येते. तुम्हीच दिलेल्या आकड्यांत ते दिसते आहे. डॉक्टरांना खात्री वाटलेले ९४, चाचणीत उतरलेले ६६. मधले २८ जण, म्हणजे जवळजवळ तीस टक्के, तुमच्या '२.७'मध्ये नाहीत. त्यांना काय म्हणायचे? निरोगी?

दाब नुकताच सुरू झालेला असतो तेव्हा तो येतो-जातो. झोपेत मनगट वाकले की वाढतो, दिवसा कमी होतो. चाचणी दिवसा, हात सरळ ठेवून होते. त्यामुळे ती नकारार्थी आली म्हणून विकार नाही, असे म्हणता येत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून ज्यांना आराम पडू शकतो, असे लोक नेमके याच गटात असतात. आकड्यातून त्यांना वगळले की उपचारातूनही ते वगळले जातात.

विद्युतरेषा

मी नर्व्ह कंडक्शनच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोघांनाही थोडे अडवते.

चाचणीत बोटाला कड्यासारखे इलेक्ट्रोड अडकवतात, मनगटापाशी विजेचा छोटा झटका देतात आणि संदेश पोचायला किती मिलिसेकंद लागले ते पाहतात. मीडियन नर्व्हला लागलेल्या वेळेची तुलना शेजारच्या अल्नर नर्व्हशी करतात. हात गार असेल तर संदेश सगळ्याच नसांतून मंद जातो, म्हणून आधी हात गरम करून घ्यावा लागतो. घाईत हे राहिले आणि अहवाल एकट्या मीडियन नर्व्हच्या वेळेवर बेतला, तर धडधाकट माणूसही 'रुग्ण' ठरतो. शिवाय किती उशीर झाला म्हणजे तो दोष धरायचा, ही सीमारेषा प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या संदर्भमूल्यांवरून आखते.

हस्तमुद्रा, तुमचा मुद्दा उलट दिशेनेही लागू होतो. त्याच स्वीडिश पाहणीत कोणतीही तक्रार नसलेल्या १२५ जणांची तपासणी तुलनेसाठी केली होती आणि त्यांपैकी २३ जणांच्या, म्हणजे १८ टक्के लोकांच्या मीडियन नर्व्हचा वेग मंदावलेला निघाला. त्यांना ना मुंग्या, ना बधिरपणा. केवळ यंत्राला विचारून लोकसंख्या मोजली असती तर त्या चौदापेक्षाही मोठा आकडा हाती आला असता आणि त्यातल्या बहुतेकांना आपण आजारी आहोत हे आमच्याकडूनच कळले असते! त्यामुळे तक्रार आणि चाचणी या दोन्हींची सांगड घातल्याशिवाय मिळालेला कोणताही आकडा मला पटत नाही.

कळफलक

ही सगळी चर्चा सर्वसामान्य लोकसंख्येची सरासरी धरून चालली आहे. दिवसभर संगणकावर बोटे चालवणाऱ्या आम्हा लोकांचे काय? आमच्या खोलीत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे तरी मनगट दुखते. सरासरी काढली की आमचा त्रास तिच्यात विरघळून जातो. हा विकार संगणकाने वाढवला आहे, हे सांगायला पाहणी कशाला हवी?

मोजपट्टी

कळफलक, पाहणी हवीच, कारण 'मनगट दुखते' हे या विकाराचे लक्षण म्हणून फारच ढोबळ आहे. स्नायुबंधांची सूज, अंगठ्याच्या मुळाशी झालेली झीज, असे कितीतरी प्रकार त्यात येतात.

तुमच्या क्षेत्राची मोजणी झालेली आहे. डेन्मार्कमधील सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या पाहणीत (प्रसिद्धी २००३) प्रश्नावलीवर १०.९ टक्क्यांनी उजव्या हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असल्याचे लिहिले. मुलाखतीत नेमकी बोटे विचारल्यावर ते प्रमाण ४.८ टक्क्यांवर आले आणि रात्रीही त्रास होतो असे सांगणारे १.४ टक्केच उरले. कळफलकाच्या वापराशी ठळक संबंध दिसला नाही. आठवड्याला वीस तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत थोडा दिसला. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधील संगणक वापरणाऱ्या २५७ कर्मचाऱ्यांच्या पाहणीतही (२००१) चाचणीने दुजोरा मिळालेले ३.५ टक्केच होते.

कळफलक

ज्यांचे हात खरोखर कामातून गेले, त्यांनी ती नोकरी केव्हाच सोडलेली असते. खुर्चीवर टिकून राहिलेल्यांनाच प्रश्नावली मिळते, मग आकडा कमी येण्यात नवल ते काय? शिवाय अमेरिकेतील सहा पाहण्या एकत्र करून ४,३२१ कामगारांचा जो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रमाण ७.८ टक्के निघाले आणि तिथे लक्षणे व चाचणी दोन्ही पाहिले होते. म्हणजे विद्युतरेषा यांची अट पाळूनही तुमच्या 'तीन'ची अडीचपट!

विद्युतरेषा

नोकरी सोडून गेलेल्यांचा मुद्दा रास्त आहे. मात्र ७.८ टक्क्यांच्या त्या अभ्यासातील लोक मुख्यतः कारखान्यांत आणि तशाच अंगमेहनतीच्या हातकामांत होते. जोर लावून तीच ती हालचाल करणे आणि कंपन देणारी अवजारे हाताळणे यांनी धोका वाढतो, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. टंकलेखनात वारंवारता असते, जोर जवळजवळ नसतो. कारखान्यातील आकडा संगणकाच्या खात्यात जमा करता येणार नाही. लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गरोदरपण हे घटक तर कामाच्या जागेशी निगडितच नाहीत.

हस्तमुद्रा

मूळ प्रश्नाकडे परत येतो. धागाकर्ते 'तीन' हा आकडा असा वापरत आहेत की जणू तो सगळीकडे सारखा आहे. नेदरलँड्समधील १९९२ सालची पाहणी घ्या. वयोगट तोच, २५ ते ७४. चाचणीचा दुजोराही घेतलेला. तिथे ५.८ टक्के स्त्रियांना निदान न झालेला विकार सापडला आणि आणखी ३.४ टक्क्यांचे निदान आधीच झालेले होते, म्हणजे एकूण ९.२ टक्के. पुरुषांत प्रमाण होते ०.६ टक्के. स्वीडनमध्ये दुजोरा मिळालेल्यांत स्त्रिया ३.० टक्के आणि पुरुष २.१ टक्के होते. एकीकडे स्त्री-पुरुषांतील फरक पंधरा पटींचा, दुसरीकडे दीडपटही नाही. युरोपातल्याच दोन देशांतील मनगटे इतकी निराळी असतील, असे कुणाला वाटते का?

मोजपट्टी

मनगटे निराळी नाहीत, नमुना निराळा आहे. डच पाहणी सुमारे सातशे लोकांची होती. इतक्या लोकांत पुरुष रुग्ण दोन-चारच सापडणार. त्यात एखादा इकडे-तिकडे झाला की टक्केवारी दुप्पट किंवा निम्मी होते. तिथे सुरुवातीचा प्रश्नही वेगळा होता, रात्री मुंग्यांनी जाग येते का, असा. मोठ्या नमुन्यावरचा आकडा अधिक विश्वासार्ह मानणे मला गैर वाटत नाही. मात्र स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक आहे हे मान्य. अमेरिकेतील रोचेस्टरच्या नोंदींतही १९८१ ते २००५ या काळात दरवर्षी लाखामागे नवे रुग्ण स्त्रियांत ४९१ आणि पुरुषांत २५८ असे होते.

हस्तमुद्रा

रोचेस्टरचे नाव काढलेच आहे तर त्याआधीचा आकडाही सांगा. १९६१ ते १९८० या काळात त्याच भागात लाखामागे वर्षाला ९९ नवे रुग्ण नोंदले जात होते, पुढच्या पंचवीस वर्षांची सरासरी ३७६ झाली. वीस-पंचवीस वर्षांत मनगटाचे हाड बदलत नाही. वजने वाढली, आयुर्मान वाढले, हे काही अंशी खरे असेल; पण डॉक्टर हा विकार ओळखू लागले आणि लोक त्यासाठी दवाखान्यात येऊ लागले, हा वाटा मला मोठा वाटतो. म्हणजे पूर्वीचे कितीतरी रुग्ण होते, पण मोजले गेले नव्हते.

तीच गोष्ट आजही एका गटाबाबत घडते आहे. स्वीडिश आणि डच, दोन्ही पाहण्या ७४ व्या वर्षी थांबतात. त्यापुढच्या वयाची माणसे रात्री जाग येण्याची तक्रार घेऊन क्वचितच येतात, कारण नस इतकी दबलेली असते की मुंग्यांचा टप्पा मागे पडलेला असतो. ती येतात तेव्हा शर्टाचे बटण लावता येत नाही, नाणे उचलताना निसटते, असे सांगतात. तळहात उताणा करून पाहिले तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झालेला असतो. त्यांची चाचणी तर हमखास दोष दाखवते, म्हणजे तुमच्या सर्वांत कडक कसोटीलाही ती उतरतात, आणि तरीही तुमच्या २.७ टक्क्यांत त्यांच्यापैकी एकही नाही.