गो शिकायला डब्ल्यूसी लिहिली, पण आकडे जुळत नाहीत

गूळवाला_शाहूपुरी
मंडळी, मी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघतो. रात्री घरी गो ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. दोन व्हिडिओ कोर्स पूर्ण केले, पण कोरी फाइल उघडली की हात चालायचा नाही. मग ठरवलं, रोज वापरतो ती डब्ल्यूसी, म्हणजे फाइलमधल्या ओळी-शब्द मोजणारी कमांडच स्वतः लिहायची. तीन रात्रींत झाली. एवढा आनंद कुठल्या कोर्सनं दिला नव्हता.

आता अडलंय. सौद्यांची फाइल आहे, एका ओळीत शेतकऱ्याचं नाव, गाव, रवे, दर. माझी कमांड ४१२ ओळी सांगते, खरी डब्ल्यूसी ४११. दुसरं म्हणजे, नुसता 'कोल्हापूर' शब्द घेतला तर गोचं लांबी मोजणारं लेन २७ देतं. डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात! चुकतंय कुठं? मित्र म्हणतात हे सोड, वेबसाइट बनव, नोकरी त्यानं मिळते. सोडू का?

उद्यमनगरकर
भावा, सोडू नकोस.

डब्ल्यूसी ओळी मोजत नाही, ओळ संपल्याची खूण मोजते, म्हणजे एंटर. तुझ्या शेवटच्या सौद्यानंतर एंटर नसणार. तू गोचा स्कॅनर, म्हणजे फाइल ओळीओळीनं वाचणारं साधन, वापरला असशील, तो उरलेली ओळही देतो. म्हणून एक जास्त.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट लागतात. क, त्याची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र. चिन्हं ९, बाइट २७. लेन बाइट मोजतं. स्ट्रिंगवर रेंज फिरवलीस तर ९ रून, म्हणजे चिन्हं, मिळतील. खऱ्या डब्ल्यूसीला मायनस सी दे, २७ येतील. मायनस एम दे, ९ येतील, लोकेल, म्हणजे सिस्टिमची भाषेची सेटिंग, यूटीएफ-८ असेल तर. यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलं, आणि गो सुरू करणाऱ्या तिघांत हे दोघे होते. चार अक्षरं मोजायला जोडाक्षरांचे नियम लागतात, त्यात आत्ता शिरू नकोस.

मी बावीस वर्षं लेथवर होतो, प्रोग्रामिंग चाळिशीनंतर शिकलो. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी ड्रॉइंग दिलं नाही. जुना बुश, म्हणजे आरपार भोक असलेला धातूचा नळीसारखा भाग, हातात ठेवला, म्हणाले, असाच कर. केला, व्हर्नियर लावून मापलं, बोर, म्हणजे आतलं भोक, मोठं झालेलं. परत केला. डब्ल्यूसी तुझा बुश आहे. खऱ्या कमांडचं आणि तुझं उत्तर डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडनं ताडून बघ. रिकामी फाइल दे, फोटोची दे, ६४ केबीहून लांब एकच ओळ दे. त्या लांब ओळीवर स्कॅनर थांबतो, आणि एरर तपासली नाहीस तर गुपचूप कमी आकडा देतो. हिशेबाच्या माणसाला हे आधी कळायला हवं.

रस्टवाली_राजारामपुरी
दादा, मी एमसीएला आहे. रस्ट भाषेत फाइल जशीच्या तशी दाखवणारं कॅट लिहिलं, मोठी फाइल पाइपनं, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या खुणेनं, हेड कमांडला दिली आणि प्रोग्राम पॅनिक होऊन पडला, पाइप तुटला म्हणून. हेड दहा ओळी घेऊन निघून जातं आणि मागचा लिहीतच राहतो, हे तेव्हा समजलं. तोवर पाइप म्हणजे माझ्यासाठी नुसती उभी रेघ होती. नोकरीचं म्हणाल तर इंटर्नशिपच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं बोलणं त्यावरच चाललं.

गूळवाला_शाहूपुरी
एंटरचं खरं निघालं! स्कॅनर काढून एंटर मोजले, ४११ आले. लांब ओळही निभावली. आता टेल, म्हणजे फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड, लिहितोय. सगळी फाइल न वाचता शेवटाकडून तुकडे उचलायचेत, पण तुकडा एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांमधूनच कापला गेला तर?

उद्यमनगरकर
कापू दे. एंटरचा बाइट १०. देवनागरी चिन्हाचे तिन्ही बाइट १२७ च्या वरचे असतात, त्यात १० येऊच शकत नाही. नुसता १० शोधत मागं मागं जा, अक्षरांकडे बघूही नकोस. झालं की इथं टाक, मी सॅम्पलशी ताडून बघतो.